परसबाग : मुन्शी घाटावरचा आश्विन

विलायती बागकामाची पुस्तके वाचून ज्यांनी बागेचा नाद लावून घेतला आहे, त्यांची अशी समजूत असते की शरद ऋतू म्हणजे बागेची निरवानिरव. पाने गळाली, वाळलेली झाडे उपटून झाली, अवजारांना तेल लावून ती फळीवर ठेवली आणि माळी शेकोटीपाशी जाऊन बसला. लंडनच्या माळ्याला हे शोभते. त्याच्यापुढे थंडीचे चार महिने असतात. आपल्याकडे आश्विनात माळ्याला बसायची सोडाच, पाठ सरळ करायचीही फुरसत नसते. पावसाळी हंगाम एका हाताने आवरायचा आणि हिवाळी हंगाम दुसऱ्या हाताने मांडायचा, असे ते दिवस. त्यातून शेजारी एखादी महानदी असली, म्हणजे हे दोन्ही हात तिच्या लहरीप्रमाणे चालवावे लागतात. हा प्रकार पाहायला काशीसारखे ठिकाण नाही, म्हणून ह्या वेळी वाचकांना तेथे नेण्याचा विचार आहे.

दशाश्वमेधावरून नदीच्या कडेने दक्षिणेस निघाले की अहिल्याबाई घाट लागतो, त्याला लागून मुन्शी घाट आणि त्याच्या पुढे दरभंगा घाट. मुन्शी घाट हे नाव ऐकून मराठी यात्रेकरूला तो परका वाटतो. परंतु नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तो बांधविला. पायऱ्यांच्या वर जी भव्य दगडी हवेली उभी आहे तीही त्यांचीच. १९१५ मध्ये ती दरभंग्याच्या महाराजांनी घेतली आणि हल्ली तेथे एक ऐषारामी हॉटेल चालते. घाटावर बाग अशी नाही; दगड, पायऱ्या आणि पाणी. तरीही काशीच्या माळ्यांचे वर्ष समजून घ्यायला ही जागा चांगली आहे. त्यांनी पिकविलेली फुले शेवटी ह्या पायऱ्यांवर येतात, आणि ती फुले जिच्या स्वाधीन असतात ती नदीही येथे पायाशीच असते.

काशीस गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर धरतात. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. तो उच्चांक अद्याप मोडलेला नाही. २०२५ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नदीने धोक्याची रेषा ओलांडली तेव्हा सारे घाट बुडाले आणि संध्याकाळची आरती गच्चीवर करावी लागली. पाणी उतरते ते साधारणपणे भाद्रपदाच्या अखेरीस किंवा आश्विनात, आणि उतरताना पायऱ्यांवर गाळाचा जाड थर ठेवून जाते. मग पंप लावून पाण्याच्या जोरदार धारेने तो गाळ पुन्हा नदीत लोटण्याचे काम कित्येक दिवस चालते. हा गाळ म्हणजे बोटांत धरून चोळावा असा मऊ पोयटा. तो असा वाहून जाताना पाहून कुंडीवाल्या माणसाचा जीव हळहळतो. ज्या शेतावर तो पातळ बसतो तेथे रब्बीचे पीक जोमाने येते. पण त्याच्याखाली ज्याचा उभा झेंडू गाडला गेला असेल, त्याला त्या पोयट्याचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगावे?

एका आश्विनात येथल्या पायऱ्यांवर एक वृद्ध माळीण द्रोण लावीत बसली होती. पानाच्या द्रोणात झेंडूची दोन फुले, गुलाबाच्या चार पाकळ्या आणि मधोमध तुपात भिजवलेली वात. फुले सुपारीएवढी लहान होती.

"माई, झेंडू असा बारीक कसा?" आम्ही विचारले.

"बाबूजी, हा पहिल्या लावणीतला उरलासुरला. अर्धी रोपे पाण्याने नेली. दुसऱ्या लावणीला अजून कळी नाही."

"मग दिवाळीला?"

"दिवाळीला नाही. पौर्णिमेला आली तर आली," असे म्हणून तिने पुढची वात वळायला घेतली.

एवढ्या दोन-तीन वाक्यांत काशीच्या फुलशेतीचे सारे गणित होते. ते जरा उलगडून सांगतो.

झेंडूचे बी पेरल्यापासून सुमारे महिन्याने रोप लावणीस येते. लावल्यावर ते रुजले, वाढू लागले की त्याचा शेंडा खुडतात, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून फुले वाढतात. लावणीपासून फूल हाती यायला, जातीप्रमाणे व हवेप्रमाणे, पन्नास ते साठ दिवस आणि कधी त्याहूनही अधिक लागतात. म्हणजे पेरणीपासून फुलापर्यंत तीन महिने धरावेत. झाड असे दिवस मोजून चालते. गिऱ्हाईक दिवस मोजीत नाही. ते तिथी पाहते. नवरात्र, दसरा, दिवाळी आणि कार्तिकी पौर्णिमा ह्या चार दिवशी फुलांना जी मागणी असते ती आदल्या आठवड्यात नसते आणि दुसऱ्या दिवशी तर मुळीच नसते. दसऱ्याच्या संध्याकाळी आपल्याकडच्या बाजारांत न खपलेल्या झेंडूचे ढीग रस्त्याकडेला टाकून शेतकरी रिकाम्या पोत्यांनिशी परततात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना ह्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

बरे, तिथी म्हणावी तर ती सूर्याच्या हिशेबात एका जागी बसत नाही. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला, दिवाळी २० आणि २१ ऑक्टोबरच्या सुमारास, आणि कार्तिकी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला. २०२६ च्या पंचांगात ज्येष्ठ महिना अधिक धरलेला असल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि कार्तिकी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला पडते. आता समजा, पूर ओसरल्यावर एखाद्याने १५ सप्टेंबरला नवी लावणी केली. तिला फुले यायची ती नोव्हेंबरच्या मध्यास. २०२५ मध्ये तोवर सारे सण होऊन गेलेले होते. २०२६ च्या तिथ्यांना तीच लावणी दिवाळी चुकविते, पण पौर्णिमा बरोबर गाठते. शेत तेच, रोप तेच, पुराचा दिवसही तोच. फरक एका अधिक महिन्याचा. पंचांग भटजींच्या घरी असते तसे ते माळ्याच्याही घरी असावे लागते ते ह्यासाठी.

ह्या बाबतीत मेक्सिकोतला माळी आमच्या माळ्याहून सुखी म्हटला पाहिजे. झेंडू हे मूळचे त्याच्या देशाचे फूल. युरोपीयांचा अमेरिकेशी संबंध आल्यानंतर ते आपल्याकडे आले, आणि आले ते असे रुळले की झेंडूवाचून दसरा ही कल्पनाही आता करवत नाही. मेक्सिकोत ह्या फुलाला सेम्पासुचिल म्हणतात आणि दिवंगत आप्तांच्या स्मरणाच्या सणाला घरोघर व स्मशानांत त्याच्या राशी घालतात. तो सण दरवर्षी १ आणि २ नोव्हेंबरला येतो. तारीख ठरलेली, अधिक महिना नाही, क्षय तिथी नाही.

काशीचे आणखी एक वैशिष्ट्य मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे. तेथे महिना पौर्णिमेला संपतो. म्हणून आपली कोजागरी झाली की दुसऱ्या दिवसापासून त्यांचा कार्तिक सुरू होतो. आपला कार्तिक त्यानंतर पंधरा दिवसांनी, दिवाळीच्या पाडव्याला. ह्या कार्तिकभर घाटांवर उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या करंड्यांतून आकाशदिवे लावतात आणि पहाटे स्नानाला गर्दी होते. स्नान आले की फूल आले. देवदिवाळी आपल्याकडे मार्गशीर्ष प्रतिपदेची. काशीची देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेची, आणि गेल्या काही दशकांत ती फारच मोठी झाली आहे. त्या रात्री घाटाघाटावर दिव्यांच्या रांगा लागतात आणि झेंडूच्या माळांनी घाट सजतात. माळिणीच्या "पौर्णिमेला आली तर आली" ह्या शब्दांमागे ही शेवटची मोठी विक्री होती. तीही हुकली तर प्रबोधिनी एकादशीनंतर सुरू होणारी लग्नसराई असते. तेव्हा फूल अगदीच वाया जाते असे नाही. मात्र एका रात्रीची मागणी आणि दोन महिन्यांत विखुरलेली लग्ने ह्यांत घरखर्चाच्या दृष्टीने किती अंतर पडते ते गृहिणींना कळेल.

ही फुले येतात सारनाथच्या आसपासच्या आणि चिरईगाव भागातल्या गावांतून. दीनापूरसारख्या गावी गुलाब आणि झेंडू ही नेहमीची पिके आहेत. शहरात त्यांची विक्री होते ती बांसफाटकच्या आणि मलदहियाच्या फुलबाजारांत. उन्हात तोडलेले फूल लवकर मलूल होते, म्हणून तोडणी ऊन चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर. माळा गुंफण्याचे काम बहुधा घरातल्या बायकांचे व मुलांचे, आणि बाजार भरतो तो पहाटे. तेव्हा सणाच्या आठवड्यात झोप कोणत्या वेळी होते हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. सुईच्या टोकांनी बोटे खरखरीत झालेली असतात आणि झेंडूचा पिवळा रंग नखांच्या कडेला महिनाभर राहतो. अरणच्या सावता माळ्याला मळा सोडून पंढरीला जायला सवड झाली नाही, तेव्हा पांडुरंगच त्याच्याकडे आला, असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. आश्विनातला कोणताही मळा पाहिला की सवड नसणे ह्याचा अर्थ समजतो.

पुराचे पाणी शेतात शिरले तर काय होते? झेंडूच्या मुळाशी दोन-चार दिवस पाणी साचून राहिले की मुळांना हवा मिळेनाशी होते, पाने खालून पिवळी पडतात आणि पाणी उतरल्यावर, आता सुटलो असे वाटत असतानाच, झाड मान टाकते. गंगा चढली की तिच्यात मिळणाऱ्या वरुणेचे पाणी पुढे सरकायला वाट राहत नाही आणि ते मागे फिरून सखल भागात पसरते. चिरईगाव भागातला गंगेकाठचा ढाब नावाचा प्रदेश आणि दक्षिणेकडचे रमना हे भाजीचे गाव ह्यांना तर पुराचा मार नेहमीचाच. पाणी उतरले म्हणजे लगेच नांगर घालावा असेही नाही. आपल्या शेतकऱ्यांपाशी वाफसा हा फार उपयोगी शब्द आहे. जमीन भिजलेली हवी, पण पायाला चिकटता कामा नये. मूठभर माती दाबली तर ढेकूळ व्हावे आणि बोटाने टोचले तर ते फुटावे. वाफसा येण्यापूर्वी जो लोभाने जमीन उकरतो त्याला पुढे विटा मिळतात, माती मिळत नाही. नदीकाठच्या गाळवट जमिनीला वाफसा यायला ऊन-वाऱ्याप्रमाणे आठ-पंधरा दिवस लागतात, आणि आश्विनातले पंधरा दिवस म्हणजे वर षष्ठी-सप्तमीचा हिशेब चालू असताना केवढा काळ!

ह्यावर जाणत्या माळ्यांनी दोन उपाय काढले आहेत. एक म्हणजे सारी लावणी एकदम न करता ती दोन-तीन हप्त्यांनी करणे आणि काही रोपे उंच जागेवर, गादीवाफ्यावर राखून ठेवणे. दुसरा म्हणजे बियांऐवजी छाटकलमे लावणे. झेंडूच्या कोवळ्या शेंड्याचा बोटभर तुकडा ओलसर वाळूत सावलीला खोचला की साधारण दोन आठवड्यांत मुळे फुटतात. बियाचे रोप लावणीस यायला महिना लागतो, तेथे पंधरा दिवस वाचतात. शिवाय फूल आईझाडासारखेच येते, एकेरी-दुहेरीची भीती राहत नाही. बंगालमधले फुलकरी ही रीत फार दिवसांपासून पाळतात आणि तिकडची रोपे उत्तरेकडच्या शेतांवर येतात. घरी चार कुंड्या असणाऱ्या वाचकांनीही ही युक्ती करून पाहावी. खुडलेला शेंडा फेकून देण्याऐवजी तोच लावायचा. खर्च काही नाही.

फुलांवर आम्ही बराच वेळ घालविला, पण काशीच्या माळ्यांचे खरे कर्तृत्व पाहायचे तर भाजीच्या वाफ्यात गेले पाहिजे. आश्विन-कार्तिकात तेथे फुलकोबीचे पहिले गड्डे बाजारात येतात. आपण ही भाजी रोज खातो आणि तिच्याविषयी कधी विचार करीत नाही. फुलकोबी ही थंड हवेतली युरोपीय भाजी. तिचे बी इंग्लंडहून आपल्याकडे १८२२ मध्ये सहारनपूरच्या कंपनी बागेत आले असे नमूद आहे. गड्डा धरायला तिला थंडी लागते. तेव्हा गंगाकाठच्या उकाड्यात ती पानेच पाने देणार हे उघड होते. पण उत्तरेच्या मैदानी प्रदेशातल्या माळ्यांनी एक साधी गोष्ट केली. शंभरांतल्या ज्या दोन-चार झाडांनी उष्ण हवेतही गड्डा धरला, त्यांचे बी त्यांनी राखले. पुढल्या वर्षी त्यांतून पुन्हा निवड. असे करता करता सुमारे शंभर वर्षांत त्यांनी फुलकोबीची एक वेगळीच, भारतीय जात निर्माण केली. १९२९ मध्ये सटन कंपनीच्या बियाण्यांच्या यादीत चार देशी जाती प्रथम आल्या. त्यांतल्या दोन पाटण्याच्या नावाच्या होत्या आणि दोन बनारसच्या. 'अर्ली बनारस' हे त्यांतल्या एकीचे नाव. घाट बांधणाऱ्या मंत्र्याचे नाव दगडावर राहिले. गड्ड्यामागून गड्डा पारखणाऱ्या माळ्यांपैकी एकाचेही नाव यादीत नाही. आपल्याकडे निदान पेशव्यांना फुले पुरविणाऱ्या एका घराण्याला त्या व्यवसायावरून फुले हे आडनाव तरी मिळाले, आणि त्या घराण्यातल्या जोतीरावांनी ते साऱ्या महाराष्ट्राला पाठ करायला लावले.

ह्या देशी फुलकोबीची मोठी गंमत म्हणजे तिच्या जातींची नावे महिन्यांवरून पडली आहेत. क्वार म्हणजे आश्विन, त्यावरून कुवारी. कार्तिकात येणारी कतकी. अगहनात म्हणजे मार्गशीर्षात येणारी अगहनी. मग पूसी आणि माघी. प्रत्येकीची थंडीची भूक वेगळी. अगदी लवकरची जात २० ते २७ अंश उष्णतेत गड्डा धरते. उशिराच्या पांढऱ्याशुभ्र विलायती जातीला १० ते १६ अंशांची हवा हवी. कतकीचे बी कोणी माघीच्या वेळेला पेरले, तर रोप लहान असतानाच थंडी लागून बोंडाएवढा गड्डा येतो आणि तेथेच थांबतो. उलट माघीचे बी आषाढात पेरले, तर पुरुषभर पानांचा पसारा होतो आणि थंडी पडेपर्यंत त्यात काही सापडत नाही. दोन्ही प्रकारांत खत गेले, पाणी गेले, मजुरी गेली आणि हंगाम गेला. दुकानात "फुलकोबीचे बी द्या" एवढेच म्हणून पुडी घेऊन येणाऱ्या हौशी वाचकांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा. बियांच्या पुडीवर जात लिहिलेली नसेल तर ती घेऊ नये. विक्रेता कितीही गोड बोलला तरी घेऊ नये. वाराणसीजवळ शहंशाहपूर येथे भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे आणि कोणती जात केव्हा पेरावी ह्याचे ज्ञान आज छापील स्वरूपात मिळते. पण ते ज्ञान मुळात मातीत हात घालून मिळविले कोणी, हे विसरू नये.

आता घाटामागच्या गल्ल्यांकडे वळू. मुन्शी घाटावरून वर चढून गेले की बंगाली टोल्याच्या अरुंद गल्ल्या सुरू होतात. अंगण नाही, परस नाही. जे काय हिरवे ते गच्चीवर. तुळस तर असतेच, आणि शरदात गुलदाउदीच्या म्हणजे आपल्या शेवंतीच्या कुंड्या. काशीत शेवंतीचा शौक मोठा. २५ डिसेंबरला, पंडित मदनमोहन मालवीयांच्या जन्मदिनी, हिंदू विश्वविद्यालयातील मालवीय भवनात पुष्पप्रदर्शन भरते आणि त्यात शेवंतीच्या कुंड्या पाहण्यासारख्या असतात. त्यांची तयारी आश्विन-कार्तिकातच व्हायची असते. शेंडे खुडणे आता बंद करायचे, काठीचा आधार द्यायचा, आणि मोठे फूल हवे असेल तर प्रत्येक फांदीवर मधली एक कळी ठेवून बाकीच्या काढून टाकायच्या. हे काढून टाकणे नवशिक्याच्या हातून होत नाही. त्याला प्रत्येक कळीची दया येते आणि शेवटी रुपयाएवढी वीस फुले पाहत बसावे लागते.

शेवंतीविषयी एक गोष्ट शास्त्राने उघड केली ती सांगण्यासारखी आहे. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि ॲलर्ड ह्या दोघा शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की पुष्कळ झाडे फुलण्याची वेळ हवेवरून नव्हे, तर दिवस-रात्रीच्या लांबीवरून ओळखतात. शेवंतीला लांब रात्र लागते. काशीला डिसेंबरातला लहानात लहान दिवस सुमारे साडेदहा तासांचा असतो, पुण्यापेक्षा अर्ध्या तासाने लहान. पण रात्र लांब हवी म्हणजे ती काळोखीही हवी. ज्या गच्चीवर रस्त्याच्या विजेच्या दिव्याचा झोत रात्रभर पडतो तेथल्या शेवंतीला रात्र झाली हेच उमगत नाही आणि कळ्या लांबतात. घाटांवर आता रात्रभर झगझगाट असतो. नदीकडच्या कठड्यावर ठेवलेली कुंडी मागे राहते आणि जिन्याच्या आडोशाची पुढे जाते, ती ह्यामुळे. आकाशदिव्याचा दोष नव्हे. तेलाच्या वातीचा उजेड तेवढा नसतो. आपल्या घरी शेवंती हट्ट करीत असेल तर खत वाढविण्यापूर्वी कुंडीची जागा बदलून पाहा.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी ह्या पंधरवड्यात काय करावे, हे थोडक्यात सांगतो. कारण आपली थंडी उशिरा येते आणि लवकर जाते. विदर्भात कोजागरीनंतर मेथी, पालक, मुळा, गाजर बेलाशक पेरावे. देशावर दिवाळीपर्यंत थांबले तरी चालेल. कोकणात भात निघाल्याखेरीज जागाच मोकळी होत नाही, तेव्हा तेथे घाई करण्यात अर्थ नाही. तोवर गादीवाफ्यावर वांगी-मिरचीची रोपे तयार करून ठेवावीत. झेंडू आता ओसरू लागेल. त्यातले सर्वांत भरदार फूल झाडावरच वाळू द्यावे आणि त्याला रंगीत दोरा बांधून ठेवावा, नाही तर घरातले कोणीतरी ते देवाला वाहून मोकळे होते. प्राजक्त सध्या ऐन बहरात असेल. त्याला काही करू नये.

काशीच्या आश्विनाची गोष्ट सांगताना गंगेपलीकडच्या रामनगरला विसरून चालणार नाही. तेथली रामलीला अनंत चतुर्दशीपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत महिनाभर चालते, आणि ती उलगेपर्यंत रामनगरच्या वांग्याचे दिवस जवळ आलेले असतात. हे वांगे आपल्या जांभळ्या काटेरी वांग्याचे कोणी लागत नाही असे दिसते. पांढुरके-हिरवट, गोल, गुळगुळीत आणि अंगाने एवढे मोठे की एकेक फळ किलोभरही भरते. बी थोडे, गर भरपूर. २०२३ मध्ये 'रामनगर भंटा' ह्या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या जळगावच्या भरताच्या वांग्याला ते २०१६ मध्येच मिळाले होते, हे खानदेशच्या वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवायला हरकत नाही. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानून चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखविणारे आपण. काशीतही अगहनातल्या वद्य षष्ठीला, म्हणजे आपल्या चंपाषष्ठीच्या जेमतेम दोन आठवडे आधी, वरुणेच्या काठी रामेश्वर येथे लोटा-भंटा नावाची जत्रा भरते. लोक लोटा आणि वांगी घेऊन जातात, गोवऱ्या पेटवून वांगी भाजतात, बाट्या शेकतात आणि देवाला दाखवून तेथेच जेवतात. चोखा म्हणजे भरीतच, फक्त त्यात मोहरीचे कच्चे तेल घालतात. शेंगदाण्याच्या कुटाची सवय झालेल्या जिभेला पहिला घास नाकात जरा झणकतो. दुसऱ्याला ती तक्रार करीत नाही.